फ्लाय रॉडवर बास पकडायला गाइडबरोबर जाताय? काठी राहू द्या, आधी डोर आठवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सुदामानगरचे एक गृहस्थ, वय एकसष्ट, एप्रिलच्या शेवटी लेकीकडे डॅलसला जाताहेत. जावयानं तिथून दीड-दोन तासांवरच्या लेक फोर्क तलावावर एक अख्खा दिवस गाइड ठरवलाय. फ्लाय रॉडवर (फ्लाय म्हणजे हुकवर पिसं-केस बांधून केलेलं खोटं आमिष) लार्जमाउथ बास हा गोड्या पाण्यातला शिकारी मासा पकडायचा, बोटीत सासरे-जावई दोघं. काकांनी कॉलेजच्या दिवसांत यशवंत सागरवर हातानं डोर टाकून मासे धरलेत, फ्लाय रॉड मात्र फक्त व्हिडिओत पाहिलाय. विचारलंय की रॉड-रील इथूनच विकत घेऊन जाऊ का, किती फूट लांब फेकता यायला हवं, कुठल्या फ्लाय घ्याव्यात. आणि अगदी शेवटी, जाता जाता म्हणतात तसं, “जावयासमोर फजिती तर नाही ना होणार?”

काका, खरा प्रश्न तो शेवटचाच आहे, वरचे सगळे त्याचेच कपडे आहेत. म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. मी टेक्सासात सोळा वर्षं होतो. त्यातली शेवटची सहा वर्षं शनिवार-रविवारी लोकांना बोटीत बसवून बास दाखवायचं काम केलं. आईसाठी इंदूरला परत आलो. त्या सहा वर्षांत फजिती झालेली जी माणसं पाहिली, त्यांत नवशिके फार थोडे होते. फजिती व्हायची ती “मला येतं” म्हणणाऱ्यांची.

त्यातला पहिला मीच. मी गाइड होण्याच्या कितीतरी आधी, पाहुणा म्हणून गेलो होतो तेव्हाची गोष्ट. गाइडनं फोनवर विचारलं, किती लांब कास्ट करतोस? मी म्हणालो, साठ फूट. मैदानावर, वारा पाठीशी असताना, दहातला एखादा खरंच साठ फूट जायचा. त्यानं माझ्या शब्दावर भरवसा ठेवून बोट काठापासून लांब ठेवली. वारा उजव्या अंगानं होता. मी जोर लावला, आणि तिसऱ्या की चौथ्या फेकीला हरणाच्या केसांचा, सुपारीएवढा पॉपर, म्हणजे पाण्यावर तरंगणारी फ्लाय, मागे उभ्या असलेल्या त्या माणसाच्या कानाच्या पाळीत. हुकच्या टोकाजवळचा उलटा काटा चिमट्यानं दाबून सपाट केलेला होता म्हणून तो सरळ मागे निघाला. त्यानं कान पुसला, बोट काठाजवळ नेली आणि एवढंच म्हणाला, आता तीस फूट टाक. तीस फुटांवर त्या दिवशी मला तीन मासे लागले. तिन्ही सुटले, ते का ते पुढे सांगतो. तर पहिली गोष्ट ही: गाइडला आधीच फोन करून खरं ते सांगा. हातानं डोर टाकलीय, फ्लाय रॉड धरलेला नाही, गुडघे दुखतात, एवढं त्याला पुरतं. त्यावरून तो बोट कुठे लावायची, कुठली काठी द्यायची, दुपारी किती वेळ थांबायचं ते ठरवतो. खोटं सांगितलं तर चुकीच्या जागी उभं राहायला आपणच पैसे मोजतो.

रॉड विकत घेऊ नका. गाइडकडे सात किंवा आठ नंबरचे, नऊ फुटी रॉड तयार असतात, लाइन आणि फ्लायसकट (नंबर म्हणजे काठी किती जड लाइन फेकते त्याचं माप). एका दिवसासाठी विमानातून लांबलचक नळकांडं न्यायचं, वर ते हरवलं तर जीव खालीवर, हा उपद्व्याप कशाला? फक्त “गियर सगळं तुमचं ना?” हे जावयाला विचारून ठेवायला सांगा. आणि तो गाइड फ्लायवर नेहमी माणसं नेतो का, हेही विचारायला सांगा. लेक फोर्कवर बहुतेक गाइड साध्या कास्टिंग रॉडवर बास पकडवणारे आहेत आणि ते त्यांच्या कामात उस्ताद आहेत. पण फ्लायचा माणूस निराळा. फ्लायला बोट वेगळी धरावी लागते, अंतर वेगळं, वेग वेगळा.

आता मुद्द्याचं. तुम्ही ज्याची लाज बाळगून लिहिलंय, “फक्त हाताची डोर”, तीच तुमची जमेची बाजू आहे. कसं ते जरा सावकाश सांगतो, कारण सगळा दिवस या एका गोष्टीवर उभा आहे.

आपल्याकडे वेळूच्या काठीनं गळ टाकणारा काय करतो? मोराच्या पिसाचा तरंगा बुडाला की काठी झटक्यानं वर उचलतो. सगळ्या अंगात भिनलेली हालचाल आहे ती. अमेरिकेत ट्राउट माशाच्या मागे असणारे लोकही तेच करतात. बासला हे चालत नाही. बास आमिष चावत नाही, तो तोंड एकदम उघडतो आणि पाणी आत ओढतो, त्या पाण्याबरोबर फ्लाय आत जाते. जबडा टणक, हुक जाड. नऊ फुटी लवचिक काठी वर उचलली तर तुमचा झटका काठीच्या वाकण्यातच जिरतो, हुकच्या टोकापर्यंत फारसं काही पोचत नाही. मासा तोंड उघडून पिसं थुंकतो आणि फ्लाय पाण्यातून सुटून तुमच्याच चष्म्याकडे येते. माझे ते तिन्ही मासे असेच गेले.

बासला काय लागतं? काठीचं टोक खाली, पाण्याला टेकल्यासारखं, माशाच्या दिशेनं सरळ. लाइन उजव्या हाताच्या तर्जनीखालून आलेली. आणि मासा घेतो तेव्हा काठी न हलवता डाव्या हातानं लाइन सपकन मागे ओढायची, हात खिशाच्या मागे जाईपर्यंत. याला स्ट्रिप स्ट्राइक म्हणतात. ओढ काठीतून जात नाही, सरळ दोरीतून जाते. हुक बसला तर बसला. नाही बसला तरी फ्लाय दोन फूटच सरकते आणि पाण्यातच राहते, त्यामुळे चिडलेला बास वळून पुन्हा धरू शकतो. हे मी नवशिक्यांना सकाळी सहा वाजता शिकवायचो आणि दुपारी दोनपर्यंत ते विसरलेले असायचे.

आता सांगा, बोटावरून डोर घेऊन बसलेला माणूस काय करतो? बोटाला टुकटुक कळली की हातानंच दोर खेचतो. काठी नाहीच, तर उचलणार काय! तुमच्या हाताला स्ट्रिप स्ट्राइक चाळीस वर्षांपासून येते, फक्त तिचं नाव ठाऊक नव्हतं. माझ्याकडे एकदा मूळचे बंगालचे एक आजोबा आले होते, आयुष्यभर हातानं डोर टाकलेले. कास्ट जेमतेम पंचवीस फूट. पण लागलेला एकही मासा त्यांनी सोडला नाही, आणि बोटीतला त्यांचा नातू, महागडा रॉड घेऊन आलेला, दर वेळी आकाशाकडे काठी नेत होता.

डोरवाल्यांची एक सवय मात्र मोडावी लागते. डोर ओढली की ती पायाशी कशीही पडू द्यायची. बोटीत ती लाइन पुढच्या फेकीला परत बाहेर जाणार असते, आणि तीवर बूट ठेवला की फेक अर्ध्यात अडकते. मी पाहुण्यांना बूट काढून मोज्यांवर उभं करायचो. पायाखाली लाइन आली की तळव्याला कळतं. गाइडला विचारून तुम्हीही तसं करा.

कास्टबद्दल फार धास्ती घेऊ नका, पण ती काय चीज आहे ते समजून जा. आपल्या गळाला शिशाचं वजन असतं, ते दोरीला ओढून नेतं. इथे उलटं. फ्लायला वजन असं नसतंच, वजन लाइनीत असतं. आठ नंबरच्या लाइनीच्या पहिल्या तीस फुटांचं वजन साधारण साडेतेरा ग्रॅम. काठी त्या लाइनीला मागे उलगडते, मग पुढे. मागे पूर्ण उलगडेपर्यंत थांबायचं असतं आणि नवशिका नेमका तिथेच घाई करतो. जोर लावला की बिघडतं. सुरुवात हळू, शेवटी मनगट घट्ट आणि एकदम थांबणं. भिंतीवर रंगाचा ब्रश झटकताना जसा हात थांबतो ना, तसं.

सरावासाठी इथे चार फुटांची लवचिक वेताची छडी घ्या आणि तिच्या टोकाला पंधरा फूट जाड सुती दोर बांधा, मॅक्रमेचा चालतो. मागे-पुढे उलगडायला तेवढं पुरे. पिशवीत ठेवून सकाळी नेहरू पार्कात जा. पोरं जमतील. मला एकानं विचारलं होतं, “भिया, मछली किधर है?” मी त्याला सांगितलं, अमेरिकेत. तो गेला तो आणखी दोघांना घेऊन आला. तर असो. रोज दहा मिनिटं, तीन आठवडे. मधे एक वर्तमानपत्र पसरून ठेवा, दोराचं टोक त्याच्यावर पडलं पाहिजे. लांबीपेक्षा नेम महत्त्वाचा, कारण बास आडोशाचा मासा आहे. फ्लाय कमळाच्या पानाच्या कडेपासून एका फुटाच्या आत पडली तर खातो, चार फूट अलीकडे पडली तर बघतही नाही. तीस-पस्तीस फूट नेमानं टाकता आलं की तुमचा दिवस होतो. बाकीचं अंतर बोटीनं कापायचं, त्यासाठीच गाइड आहे.

आता तिथे काय होईल ते. इथे मात्र “बघावं लागेल” असंच उत्तर आहे, आणि छातीठोक सांगणाऱ्याचं ऐकू नका. पूर्व टेक्सासात एप्रिलच्या शेवटी बहुतेक बासांची अंडी घालून झालेली असतात. माद्या थकून जरा खोल सरकलेल्या, नर काठाजवळ पिलांची राखण करत असतात. पाणी पंचवीस अंशांच्या खाली असलं आणि आदल्या दिवशी थंड वाऱ्याची लाट येऊन गेली नसली, तर पहाटे आणि संध्याकाळी वरच्या पाण्यावर पॉपर चालतो. लाट येऊन गेली, आकाश निळंशार झालं, की तोच बास पोट भरल्यासारखा तळाशी पडून राहतो. मग धातूचे जड डोळे लावलेली, बुडणारी फ्लाय, हळू, बुडालेल्या झाडांच्या कडेनं. फोर्क १९८० साली बांधलेला जलाशय आहे. पाण्याखाली गेलेलं जंगल तसंच उभं आहे, तेच माशांचं घर आणि तेच तुमच्या फ्लायचं स्मशान. पाच-सहा फ्लाय तुटल्या तर वाईट वाटून घेऊ नका, गाइडनं ते धरलेलं असतं.

पॉपर कसा चालवायचा तेवढं बारकाईनं सांगतो, कारण त्यातच मजा आहे. पान आणि उघडं पाणी यांच्या शिवेवर पॉपर पडला. पाण्यावर गोल वलयं उठली. आता काहीही करायचं नाही. वलयं विरू द्यायची. नवख्या माणसाला इथे तीन सेकंदांत खाज सुटते. वलयं पूर्ण विरली, पाणी काचेसारखं झालं, की लाइनीला एकच आखूड ओढ, आठ बोटांची. पॉपर “बुडुक” म्हणतो, तोंडासमोर एक बुडबुडा उडतो. पुन्हा थांबायचं. बास बहुतेक वेळा थांबल्यावरच घेतो, हलताना नाही. आणि घेतो तेव्हा शिडकावा नेहमी होतोच असं नाही. कधी फक्त पॉपर असलेल्या जागी एक खड्डा पडतो आणि उशिरानं आवाज येतो, गपकन. त्या आवाजावर हात हलवायचा नाही, लाइन जड झाल्यावर हलवायचा. उन्हाळ्यात चोरलच्या बाजूला कमळं असलेल्या तळ्यात मरळीला बेडूक घेताना पाहिलं असेल तर हे चित्र तुमच्या ओळखीचं आहे. आपले केवट तिला सौल म्हणतात. तीही आडोशाची, तीही पिलांची राखण करणारी, तीही गपकन घेणारी. पिलांवर असलेली मरळ मी इथे धरत नाही, तो माझा नेम आहे, आणि १६ जून ते १५ ऑगस्ट मध्य प्रदेशात मासेमारी बंदच असते. बासचा राखणदार नर धरला तरी लगेच तिथेच सोडावा, जास्त वेळ फोटोत घालवू नये. तो बाजूला होताच ब्लूगिलसारखे लहान मासे पिलांवर तुटून पडतात.

फ्लाय म्हणजे माशी हे शब्दाला धरून खरं, पण बासची माशी पाहिलीत तर हसाल. बेडूक, उंदीर, लहान मासा, काहीही असतं ते. हरणाचे केस आतून पोकळ असतात म्हणून तरंगतात. तुम्ही त्यातलं काहीच विकत घेऊ नका.

मासा हातात आल्यावर. मरळीच्या तोंडात बोट घालण्याचा विचार तुमच्यासारखा माणूस करणार नाही. बासच्या मात्र खालच्या ओठाला अंगठ्यानं धरतात. दात सॅंडपेपरसारखे, अंगठा जरा खरखरीत होतो, एवढंच. मोठा असेल तर दुसरा हात पोटाखाली, आडवा. जबड्यावर सगळं वजन टांगून फोटो काढू नका, गाइडला ते आवडत नाही आणि माशाला तर नाहीच. हात आधी पाण्यात ओले करा. खायला आणायचा विचार असेल तर तो सोडा. फोर्कवर सोळा ते चोवीस इंचांमधला बास ठेवताच येत नाही, कायद्यानं परत सोडावा लागतो, आणि चांगले मासे सगळे त्याच मापात असतात. आमच्या घरी मासे खातात, त्यामुळे आईनं मला अनेकदा विचारलंय की सोडायचा तर धरायचा कशाला. तिला पटेल असं उत्तर मला अजून सापडलेलं नाही. टेक्सासचा विक्रमी बास याच तलावातला आहे, १९९२ चा, १८.१८ पौंडांचा, हे तिला सांगितलं तर म्हणाली, मग तो तरी आणायचास.

किती मासे लागतील? फ्लायवर नवख्या माणसाला, चांगल्या दिवशी, चार-पाच हातात आले तर मी खूश व्हायचो. बहुतेक एक ते तीन पौंडांचे. एखादा पाच पौंडांचा निघाला तर जावई वर्षभर तेच सांगत फिरेल. जगातला विक्रम २२ पौंड ४ औंस, १९३२ साली जॉर्जियात जॉर्ज पेरीनं धरलेला. २००९ मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मनाबू कुरितानं त्याची बरोबरी केली. त्या दोघांपैकी एकानंही फ्लाय वापरली नव्हती, तेव्हा कुणी आकडे फेकून दडपण आणलं तर ऐकून सोडून द्या.

किरकोळ पण अडणाऱ्या गोष्टी. लायसन्स प्रत्येकाचं वेगळं लागतं, गाइडच्या लायसन्सवर तुमचं भागत नाही. बाहेरच्यांसाठी एका दिवसाचं मिळतं, जावई ऑनलाइन काढेल. पोलराइज्ड गॉगल आणि मागून मान झाकणारी टोपी न्याच, गॉगल फक्त उन्हासाठी नाही, डोळ्याला हुक लागू नये म्हणून आहे. बोटीत एका वेळी एकानंच कास्ट करायचं, दुसऱ्यानं बसायचं. दोघांनी एकदम हात फिरवले की काय होतं त्याची निशाणी एका कानावर अजून असेल. वीज चमकली की गाइड बोट काठाला लावेल. कार्बनचा नऊ फुटी रॉड उभा धरणं म्हणजे विजेला पत्ता देणं आहे, तेव्हा पैसे वाया गेले म्हणून कुरकुर नको. पावसानं रद्द झालं तर दुसरा दिवस मिळतो का, हे आधीच विचारून ठेवायला सांगा. बोटीवर शौचालय नसतं. लाज न बाळगता गाइडला सकाळीच सांगा, तो दर दोन तासांनी धक्क्याला लावेल. टिप पंधरा ते वीस टक्के देतात. रुपयांत हिशेब केला की छातीत कळ येते, म्हणून रुपयांत करू नका. ती कोण देणार हे जावयाशी घरीच ठरवा, धक्क्यावर “मी देतो, मी देतो” नको.

खाणं. लेकीला दशम्या करायला सांगा, त्या दिवसभर टिकतात. इंदुरी शेव नेलीत तर खाऊन हात साबणानं धुवा, तेल लाइनीला लागलं की तिच्यावर धूळ बसते. आणि केळी अजिबात नेऊ नका. बोटीत केळं म्हणजे अपशकुन असं तिकडचे मासेमार मानतात. माझ्या बोटीत एका बाईंनी प्रसादाचं केळं आणलं होतं. मी काही बोललो नाही, पण दिवसभर एकही मासा लागला नाही, आणि तेव्हापासून मीही विचारायला लागलो.

माझ्याकडे एक जुनी सात नंबरची काठी घरी आहे, टोकाची रिंग एकदा बदललेली. रविवारी सकाळी सहाला मी नेहरू पार्कातच असतो, लाल टोपी. छडी आणि दोर घेऊन या, त्यानंतर खरी काठी पंधरा मिनिटं हातात घेऊन बघा. येताना बूट सुटायला सोपे घाला.